साइटची गावपळण

आचरा,
१० नोव्हेंबर

तीर्थरूप सौ. शर्मिलावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. पेटीत खाली कोकमाची सोलं, वर कुळथाची पिठी आणि मधे हे पत्र आहे. पत्राला तिरफळांचा वास आला तर नाक मुरडू नका, पुडी फुटली ती तुमच्या धाकट्या दिराच्या, विश्वेशच्या हातून. तुमचे अनारसे मिळाले. भाईंनी ते एकट्याने संपवले आणि वर मलाच विचारलं की सूनबाई, तुला मिळाले का. सासऱ्यांना उलट काय बोलणार, मी हो म्हटलं. त्यांचा पाय आता बराच बरा आहे. काठी घेऊन गुरांच्या मांगरापर्यंत जातात आणि येताना काठी तिथेच विसरून येतात.

पत्र लिहायचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. भाईंना कमी ऐकू येतं म्हणून आपला फोन कायम स्पीकरवर असतो, आणि आपण दोघी जावा काही बोलायच्या आत हौसाबाई पिठी चाळता चाळता त्यावर मत देऊन मोकळी होते. कामाला येते ती पिठी चाळायला, पण लक्ष सगळं फोनकडे. त्यामुळे मनातलं काही सांगायचं तर ते पेटीतूनच पाठवावं लागतं.

तर मनातलं सांगते. काल भाईंना आपला कारभार पुन्हा पहिल्यापासून समजावून दिला. माल एकच, आपल्या माळ्यावरचा. पैसेही एकाच डब्यात. पण दारं तीन. एक तुमची ठाण्याची साइट, एक माझी आचऱ्याची आणि एक आपल्या नणंदेची, इशिताची, ती तारकर्लीला उतरायला येणाऱ्या पाहुण्यांना विकते ती. तिन्ही दारांच्या मागे टोपली मात्र एकच, तीही भाड्याची, कुठल्याशा कंपनीच्या कॉम्प्युटरात ठेवलेली. गिऱ्हाईक कुठूनही येवो, त्याची ऑर्डर त्या टोपलीत पडते, आणि दर सोमवारी टोपली आपल्याला रिपोर्ट पाठवते की कोण कुठल्या दाराने आलं. भाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की मगे आपल्या लेकीसुनांच्या दारांनी किती लोक येतत. तुमचं आणि इशिताचं सांगितलं. माझं विचारल्यावर सांगावं लागलं की चतुर्थीपासून कोणीच नाही.

चतुर्थीच्या आधी मी माझी साइट नव्याने लिहिली ते तुम्हाला आठवत असेल. तोपर्यंत माझ्या दाराने आठवड्याला पाचसहाजण तरी यायचे. मला वाटलं, नुसती वजनं आणि फोटो ठेवण्यात काय मजा. म्हणून सगळं पुसून माझ्या भाषेत लिहिलं. सोलं वाळत घातली की कावळ्यांपेक्षा भाईंनाच जास्त हाकलावं लागतं ते, पिठीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करायचं ते, हौसाबाई जात्यावर बसली की कोणाकोणाची उणीदुणी काढते ते, भाई विहिरीच्या पायरीवरून घसरले ते, सगळं. दर दोनचार दिवसांनी भर घालत गेले. लिहिताना इतकी रमायचे की दोनदा भात लागला. आणि त्या आठवड्यापासून माझी विक्री शून्य. त्याच आठवड्यापासून तुमची चढत गेली. याचा अर्थ मला एकच लागतो. लोक माझ्याकडे येतात, वाचतात, कंटाळतात आणि तुमच्याकडे जाऊन विकत घेतात. वहिनी, हा जळफळाट नाही. तुमच्या पेट्या मीच बांधते आणि मनापासून बांधते. पण वाईट वाटतं ते वाटतंच.

ज्या दाराने गिऱ्हाईक येत नाही ते वर्षाअखेर बंद करायचं, उगाच भाडं भरत बसायचं नाही, असं आपण गुढीपाडव्याला ठरवलं होतं. त्यावर सगळ्यात मोठ्याने हो म्हणणारी मीच होते, हेही मला आठवतं. तेव्हा ३१ डिसेंबरला माझी साइट बंद. कणकवलीला एका पतपेढीत जागा आहे, जानेवारीपासून या म्हणतात. सकाळच्या एसटीने जायचं आणि दिवेलागणीनंतर यायचं. मला जायचं नाही. पण घरात बसून कोणालाही नको असलेलं लिहीत राहण्यापेक्षा ते बरं, असं मनाला समजावते आहे. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट कळवा.

भावोजींना नमस्कार, मिहीरला आशीर्वाद. तुमचा लोभ माझ्या विक्रीच्या वाटेने जाऊ देऊ नका, एवढंच मागणं.

तुमची,
अवनी


ठाणे,
१९ नोव्हेंबर

चि. सौ. अवनी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पेटी एक दिवस उशिरा मिळाली. तळेऱ्याच्या पुढे गाडी बंद पडली होती म्हणे. सोलं फक्कड आहेत. तिरफळांचा वास पत्रालाच नव्हे, माझ्या कपाटालाही लागला, कारण पत्र मी साड्यांखाली ठेवलं. अनारशांचं कळलं. भाईंना सांग की यापुढे मी अनारसे करणार नाही, म्हणजे तरी आपणहून फोन करतील.

तू स्पष्ट विचारलंस म्हणून स्पष्ट लिहिते. तू फार लिहितेस. गिऱ्हाईकाला पिठी हवी असते, गोष्ट नको. माझी साइट बघ. कुळथाची पिठी, घरगुती, अर्धा किलो, खाली बटण. संपलं. वाचायला वेळ कोणाला आहे? मी तर घरातली असून तुझं सगळं पान अजून वाचलेलं नाही. पिठी कशी करायची ते मला माहीत आहे आणि भाई घसरले तेही माहीत आहे. शिवाय विकायला काय काय करावं लागतं ते तुला तिकडे बसून दिसत नाही. चतुर्थीच्या मुहूर्तावर मी लिफ्टमध्ये कागद लावला. भिशीच्या बायकांना एकेक पुडी वाटली. बरणीला झेंडूची माळ घालून फोटो काढला. ह्यांच्या ऑफिसातले जे लोक आमच्या इमारतीत राहतात त्यांना दर रविवारी गाठून सांगितलं, ते आता मी लिफ्टमध्ये असले तर जिना चढतात. आणि रिपोर्ट तू बघतेसच. सासरी मला आजवर हुशार कोणी म्हटलं नाही. आता दर सोमवारी टोपली म्हणते. मला ते फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

गिऱ्हाइकं मात्र विचित्र आहेत. ऑर्डरीबरोबर लोक चिठ्ठी लिहू शकतात, ती माझ्या मेलवर येते. नाशिकच्या एक बाई विचारतात की भाईंचा पाय कसा आहे. साताऱ्याहून कोणीतरी हौसाबाईंना नमस्कार कळवलाय. भाई पडल्याची बातमी नाशिकपर्यंत कोणी नेली ते विश्वेशला विचार, तो एसटीची वाट बघताना अनोळखी माणसालाही घरचं सगळं सांगतो. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते. धन्यवाद, पुन्हा भेट द्या.

पतपेढीची जागा वाईट नाही. घे, असंच म्हणायला हवं. पण सकाळच्या एसटीच्या खिडकीत तुझा चेहरा मला दिसायला लागतो. नियम तुझाच मोठ्याने म्हटलेला आहे, तो मोड असं मी कशी सांगू. माझ्या साइटवर तुझं नाव घालते, माल अवनीच्या हातचा असं. चालेल का कळव.

भाईंना नमस्कार. मी फटकळ आहे, पण तुझ्यावर जीव आहे, तो गृहीत धरत जा.

तुझी,
शर्मिलावहिनी


आचरा,
५ डिसेंबर

तीर्थरूप सौ. शर्मिलावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. राग आला नाही, पण वाईट वाटलं. गोष्ट नको हे वाक्य मी तीनचारदा वाचलं. त्या दिवसापासून साइटवर काही लिहिलेलं नाही. तुम्ही बरोबरच असणार, रिपोर्ट तुमच्या बाजूने आहे. साइटवर माझं नाव घालू नका, पिठीला नाव लागत नाही.

आता मोठी बातमी. रामेश्वराने गावपळणीचा कौल दिला. ८ तारखेला दुपारी गाव सुटणार. मिहीर मागच्या गावपळणीला दहावीत होता म्हणून आला नव्हता, त्याला सांगा की तीन दिवस आणि तीन रात्री गावात कोणी म्हणता कोणी राहत नाही. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी वेशीबाहेर. घरांना कुलपं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, देवाने हो म्हटलं तर घरी, नाहीतर आणखी एक दिवस बाहेर. आपली झोपडी चिंदरच्या बाजूला माळावर बांधली आहे. विश्वेशने माडाची झापं लावली आणि भाईंनी शेजारी खुर्ची टाकून बसून ती कशी चुकीची लागली ते सांगितलं.

माळ्यावरचा माल तीन दिवस कुलपात राहील. म्हणून मी भाईंना म्हटलं की तिन्ही साइट चालू राहू दे, ऑर्डरी आल्या तर चौथ्या दिवशी बांधू. भाईंना ते पटेना. तुमच्या आणि इशिताच्या साइटबद्दल काही म्हणणं नाही, ठाण्याला आणि तारकर्लीला आपल्या देवाचा हुकूम नाही. पण माझ्या साइटवर नाव आचऱ्याचं. सायट आचऱ्याची आसा मां, मगे ती गावात कशाक ऱ्हवतली, तिकाय भायर काढ, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की साइट गावात नाहीच, ती परदेशात कुठल्या कॉम्प्युटरात आहे. त्यावर म्हणाले, मगे तिका भायर जावक त्रास पडाचो नाय. हौसाबाईने तर कोंबड्या कोंडलेल्या हाऱ्याबरोबर लॅपटॉपही बाहेर न्यायला हवा असं ठरवूनच टाकलं.

तेव्हा ८ तारखेला दुपारी मी माझ्या साइटवरची सगळी बटणं काढून घेणार आणि तिथे पाटी लावणार. पाटी दोन ओळींची लिहायला बसले होते, ती पानभर झाली. कुलूप लावल्यावर घर कसं दिसतं ते आलं, हाऱ्यातल्या कोंबड्यांची तक्रार आली, बाहेर पडताना मागे वळून बघायचं नाही असं ठरवूनही सगळे कसे बघतात ते आलं. शेवटी लिहिलं की आमचं गाव तीन दिवस घरी नाही, परत आलो की बटणं लावू. तुम्हाला हे लांबलेलं वाटेल, पण पुसलं नाही. शेवटचंच आहे.

तीन दिवसांची ही रंगीत तालीम समजते. पतपेढीला २४ तारखेच्या आत होकार कळवायचा आहे. परत आलो की कळवीन.

इकडची काळजी नसावी. तिकडून अधूनमधून आमच्या रिकाम्या घराची आठवण काढा.

तुमची,
अवनी


ठाणे,
१४ डिसेंबर

चि. सौ. अवनी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. फोन केला नाही, कारण हे स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. आधी पतपेढीला नकार कळव. मग पुढचं वाच.

८ तारखेच्या दुपारनंतर माझ्या साइटवर एकही ऑर्डर आली नाही. मला वाटलं, असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी आमचं इंटरनेट बघितलं, मग टोपली बिघडली असं मिहीरला सांगितलं. त्याने भिशीतल्या प्राजक्ताला एक ऑर्डर घालायला लावली, ती व्यवस्थित आली. इशिताकडेही नेहमीसारखी विक्री चालू. म्हणजे टोपली ठीक, तारकर्ली ठीक, फक्त ठाणे बंद पडलेलं. तिसऱ्या दिवशी मी ह्यांना विचारलं की आपल्या देवाचा कौल ठाण्याला लागू होतो का. ते हसले. मला हसू येत नव्हतं. मी मनातल्या मनात नारळ बोलून ठेवला.

आणि ११ तारखेला तिन्हीसांजेला ऑर्डरींची रीघ लागली. इतकी की मी मिहीरला हाक मारली. प्रत्येक ऑर्डरीखाली चिठ्ठी, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच. सगळे घरी पोचलात का? अगं, मी घरीच होते. मी कुठे गेले होते? एका आजोबांनी विचारलं होतं की कोंबड्या सगळ्या परत आल्या ना. मी मिहीरकडे बघितलं, मिहीरने माझ्याकडे बघितलं, आणि त्याने तुझी साइट उघडून माझ्यासमोर ठेवली. मी तुझी पाटी वाचली. मग पान वर सरकवत गेले आणि चतुर्थीपासूनचं सगळं वाचलं. मधे आमटी उतू गेली.

आता काय झालं होतं ते मिहीरने सांगितलं तसं सांगते. प्रत्येक साइटवरच्या बटणामागे अर्थ नसल्यासारखी दिसणारी एक ओळ असते. गिऱ्हाईक कुठल्या दाराने आलं हे टोपलीला त्या ओळीवरून कळतं. चतुर्थीला तू पान झाडलंस तेव्हा ती ओळ केरात गेली. बटण चालत राहिलं, दाराचं नाव तेवढं पुसलं गेलं. आणि नाव नसलेली ऑर्डर आली की टोपली ती यादीतल्या पहिल्या नावावर टाकते. यादी मिहीरने केलेली, पहिलं नाव माझं. मी मिहीरला चांगलं झापलं की आईला पुढे पुढे करायला तुला कोणी सांगितलं होतं. तो म्हणाला, काकीने. पाडव्याला तूच त्याला बजावलं होतंस म्हणे, की थोरल्या जावेचं नाव आधी, तिचा मान असतो. अगं, गावात पहिला नारळ कोणाचा यावरून माणसं जन्मभर बोलत नाहीत हे मला माहीत आहे. पण कॉम्प्युटरात मान पाळणारी तू पहिलीच असशील.

मिहीरने आत कुठे शिरून जुन्या सगळ्या ऑर्डरी ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवल्या. चतुर्थीनंतर तुझ्याकडे पूर्वीच्या तिप्पट लोक आले. ते कंटाळून माझ्याकडे येत नव्हते, तुझं वाचून तुझ्याकडेच घेत होते. माझ्या दाराने कोण कोण आलं ते मी नावानिशी सांगू शकते. भिशीच्या बायका, माझी आई आणि ह्यांच्या ऑफिसातला एकजण, त्याचा बहुतेक गुडघा दुखत असणार.

मला आधी राग आला, नक्की कोणाचा ते कळलं नाही. मग लाज वाटली. आणि मग, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. दर सोमवारी रिपोर्ट उघडण्याआधी मी देवाला हात जोडायचे. माल खपतोय तो कशामुळे हे मला कळत नव्हतं, म्हणजे उद्या खपायचा थांबला तर काय करायचं हेही कळलं नसतं. हुशार म्हणवून घ्यायची हौस होती, पण त्या हुशारीचं ओझं फार झालं होतं. परवा रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

गोष्ट नको, हे मी लिहिलं होतं ते परत घेते. तू ते तीनचारदा वाचलंस हे वाचून मला फार लागलं. नियमाप्रमाणे बंद व्हायचं दार माझं आहे. ते ३१ तारखेला मी बंद करते, त्यावर वाद घालू नकोस. मिहीरने तुझ्या बटणांमागे ती ओळ परत लावली आहे. ११ तारखेच्या सगळ्या चिठ्ठ्या छापून सोबत पाठवते. त्यांना धन्यवाद पुन्हा भेट द्या असं लिहायला माझा हात धजावला नाही. त्या तुझ्या आहेत, उत्तरं तूच दे.

रागावली असलीस तर भरपूर रागाव, पण रागावूनही पत्र लिही.

तुझी,
शर्मिलावहिनी


आचरा,
१८ डिसेंबर

चि. सौ. शर्मिला हिस,
अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र अवनीने मला दाखवलं नाही, मी आपणहून वाचलं. पोस्टात सारी नोकरी झाली, तिथे दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नाही. ती राहिलेली हौस आता घरात भागवतो.

पत्र वाचून ती मागीलदारी जाऊन रडली. हौसाबाईने काय झालां गो बाय म्हणून विचारलं, तर म्हणाली काही नाही, चांगलं झालं. मग हौसाबाईही रडली. कारण कळलं नसताना रडायची तिला सवय आहे. विश्वेशला वाटलं कोणीतरी गेलं, तो चप्पल घालून तयार.

झालेला प्रकार मला लगेच समजला, तुम्हा लोकांना इतका वेळ कसा लागला ते समजलं नाही. पत्त्यावर गावाचं नाव नसलेली पत्रं आमच्याकडेही यायची. वर्गवारी करणारा नवीन असला की पहिल्या कप्प्यात टाकून मोकळा व्हायचा. तुमची टोपली अशीच नवीन माणूस आहे, तिच्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. मिहीरला तसं सांग.

आता निकाल. पाडव्याच्या बैठकीचा अध्यक्ष मी होतो. कोणी नेमलं नव्हतं, तरी होतो. चुकीच्या रिपोर्टावर नियम चालवता येत नाही, म्हणून या वर्षापुरता तो रद्द. ठाण्याचं दार बंद करायचं नाही. पाडव्यापर्यंत मुदत आहे, तोवर नीट चालव. बरणीला माळ घालू नकोस, तो फोटो मी बघितला आहे, श्राद्धाचा वाटतो.

देवळात जाऊन आलो. देव गाव बाहेर काढतो त्याची कारणं त्याची त्याला ठाऊक, त्यात आपलंही काम होऊन गेलं म्हणून नमस्कार करून आलो. तुझा बोललेला नारळ मीच देऊन टाकला. आता अनारशांचं काय ते बघ.

सर्वांस आशीर्वाद. म्हाताऱ्याची आठवण ठेवून असा.

भाई


आचरा,
२६ डिसेंबर

तीर्थरूप सौ. शर्मिलावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

भाईंचं पत्र तुम्हाला गेलं ते मला आज कळलं. माझी पत्रं ते वाचतात हेही आजच कळलं. यापुढे तुमच्या पेटीला कुलूप घालून पाठवत जा.

मंगळवारी कणकवलीला जाऊन पतपेढीत नाही सांगून आले. फोनवर सांगता आलं असतं, पण मला स्वतः जाऊन सांगायचं होतं. तिथल्या साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरी काम आहे. ते म्हणाले, कसलं काम? मी म्हटलं, लिहायचं. त्यांना काही उमगलं नाही, पण मला बरं वाटलं. परतीच्या एसटीत मी खिडकीपाशी बसून रस्ताभर हसत होते. शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

रागवायचं म्हणता, तर तेवढा वेळच मिळाला नाही. तीन महिने मी तुमची गिऱ्हाइकं म्हणून ज्यांच्या पेट्या बांधल्या ती माझी होती, याचं मात्र हसू येतं. नाशिकच्या त्या बाईंची पेटी तर मी दर खेपेला जरा जास्तच नीट बांधायचे, ठाण्याचं नाव खराब होऊ नये म्हणून. ओळ पुसली ती मीच, तुमचं नाव पहिलं घालायला लावलं तेही मीच, तेव्हा मिहीरला झापल्याबद्दल त्याला माझ्यातर्फे काहीतरी खायला घाला. ती ओळ आता दिसली तरी मी नजर खाली करून पुढे जाते.

तुमचं दार बंद करायचं नाही, अध्यक्षांचा निकाल लागला आहे. मला एक सुचवायचं आहे. तुम्ही मला पत्रात लिहिता तसंच साइटवर लिहा. लिफ्टमधला कागद लिहा, जिना चढणारे लोक लिहा, प्राजक्ताला ऑर्डर घालायला लावली ते लिहा. मी तुमचं पत्र विश्वेशला वाचून दाखवलं, तो पोट धरून हसला आणि मग त्यानेच विचारलं की वहिनी हे लोकांना का सांगत नाही. वजनं खाली बारीक अक्षरात घाला.

आता त्या चिठ्ठ्या. त्या आल्या त्या दिवशी मी एकही नीट वाचू शकले नाही, नुसती उलटत राहिले. वहिनी, ११ तारखेला देवाने कौल दिला आणि दुपारी गाव परत फिरलं. मी कुलूप काढलं आणि चूल पेटवायच्या आधी काय केलं असेल तर साइट उघडली. पाटी काढली, बटणं लावली. सवयीने रिपोर्टही बघितला. शून्य होतं. मग लॅपटॉप मिटला, घर झाडलं आणि भात टाकला. मला वाटलं, आपण तीन दिवस गेलो काय नि आलो काय, कोणाला कळलंही नाही. नेमक्या त्याच वेळी ही सगळी माणसं तुमच्याकडे विचारत होती. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही. कोल्हापूरच्या एका मुलीने लिहिलंय की ती तीन दिवस रोज पाटी उघडून बघत होती, बटणं आली का म्हणून. तिने काय घेतलं ते बघितलं. तिरफळांची एक लहान पुडी.

काल दिवसभर बसून एकेकाला उत्तर लिहिलं. हौसाबाईने पेट्या बांधल्या, भात विश्वेशने केला. तुम्ही म्हणाल, आता हिने पानं भरली असणार. नाही हो. आयुष्यात पहिल्यांदा मला दोन ओळींच्या वर काही सुचलं नाही. सगळ्यांना तेच लिहिलं. हो, पोचलो सगळे. कोंबड्यासुद्धा.

भावोजींना आणि मिहीरला सांगा, पाडव्याला इकडेच या. लोभ आता आहे तेवढा पुरे, जास्त झाला तर मला रडू येतं.

तुमची,
अवनी